टीव्हीवरची हिंसा आणि घरात शिरलेली भीती

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि माझे पती एमआयडीसीतील कारखान्यात पाळीने कामाला जातात. आम्हाला आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी आहे. शाळा सुटल्यापासून मी घरी पोहोचेपर्यंत, म्हणजे साधारण सात वाजेपर्यंत, दोघे सासूबाईंजवळ असतात. सासूबाईंना खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेले कार्यक्रम पाहण्याची आवड आहे आणि ते संपले की बातम्यांच्या वाहिन्या सुरू होतात. घर दोन खोल्यांचे असल्यामुळे मुले त्याच खोलीत गृहपाठ करतात आणि तिथेच जेवतात. गेल्या काही महिन्यांपासून मुलगा रात्री एकटा बाथरूमला जात नाही, बहिणीला लाथा मारतो आणि खेळ म्हटला की कोणाला तरी ‘संपवण्याचाच’ खेळतो. मागच्या आठवड्यात आम्हा नवरा-बायकोत पैशांवरून बोलाचाली झाली, तेव्हा त्याने मला स्वयंपाकघरात गाठून विचारले, “आई, बाबा तुला मारून टाकतील का?” सासूबाईंनी दाराला आता तिसरी कडी बसवून घेतली आहे, कुरिअरवाल्याकडेही त्या संशयाने पाहतात आणि ‘दिवस वाईट आहेत’ म्हणून त्या मुलांना खाली अंगणात खेळायला सोडत नाहीत. पतीचे म्हणणे असे, की आम्हीही मारधाडीचे सिनेमे बघतच मोठे झालो, आम्हाला काय झाले? सासूबाई म्हणतात, शेवटी गुन्हेगार पकडला जातोच, त्यातून मुले सावधपणाच शिकतील. माझा मुलगा पुढे हिंसक होईल का? टीव्हीचे कनेक्शनच काढून टाकावे का? आणि सासूबाईंना न दुखावता हे सांगावे कसे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेवटी विचारलेल्या तीन प्रश्नांपेक्षा तुमच्या मुलाने स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला विचारलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टीव्हीवरील हिंसेचा विषय निघाला, की ‘मूल पुढे गुंड होईल का’ या एकाच काळजीने आपण सारे ग्रासले जातो आणि त्या काळजीच्या भरात मुलाला आज होत असलेला त्रास नजरेआड होतो. तुमचा मुलगा घाबरला आहे. सासूबाईही घाबरल्या आहेत. एकाला बाथरूमपर्यंत जाण्याची भीती वाटते आणि दुसरीला दार उघडण्याची, परंतु दोघांच्या मनात ही भीती दररोज संध्याकाळी एकाच ठिकाणाहून येत आहे. तुमच्या घरातील उपायही या दोघांना एकत्र धरूनच करावा लागेल, असे मला वाटते.

प्रथम मुलाविषयी. खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेला कार्यक्रम आठ वर्षांच्या मुलाच्या बाजूला बसून एकदा नीट पाहा. सुरुवातीलाच निवेदक गंभीर आवाजात सांगतो, की ही सत्यघटना आहे. मग तुमच्याआमच्यासारखेच एक घर दिसते, तसेच स्वयंपाकघर, तशीच शाळेची दप्तरे. नवरा-बायकोत पैशांवरून किंवा संशयावरून वाद होतो. पार्श्वसंगीत बदलते, दाराची मूठ फिरताना दिसते, आणि ज्याच्यावर कोणाचाही संशय जाणार नाही असा घरातलाच माणूस खुनी निघतो. भाग संपताना निवेदक बजावतो, की आपल्या जवळच्या माणसांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. प्रौढ माणूस यातला शेवटचा भाग सूचना म्हणून ऐकतो आणि जेवायला उठतो. मुलाला मात्र यातून घरात वाद झाल्यावर पुढे काय होते याचा एक साचा मिळतो, आणि तुमच्या घरात वाद झाला तेव्हा त्याने तोच साचा त्या वादाला लावून पाहिला. त्याच्या प्रश्नात विकृती काहीच नाही. त्याला जेवढी माहिती मिळाली आहे, तेवढ्यावरून त्याने काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे.

मुले पडद्यावरील कशाला घाबरतात, यावर अमेरिकेतील संशोधक जोअॅन कँटर यांनी अनेक वर्षे काम केले. त्यातून असे दिसले, की साधारण सात वर्षांच्या आतील मुले जे भयंकर दिसते आणि भयंकर ऐकू येते त्याला घाबरतात, मग ते कितीही काल्पनिक असो. त्याहून मोठी मुले खरोखर घडू शकेल अशा गोष्टींना अधिक घाबरू लागतात. तुमच्या घरात या दोन्ही वयांची मुले एकाच सतरंजीवर बसलेली आहेत. चार वर्षांच्या मुलीला कथा कळत नसेल, म्हणून तिच्यावर परिणाम होत नसेल असे समजू नका. तिला चाकू, किंकाळी आणि ते संगीत पुरेसे आहे. तिला ‘हे खोटे आहे’ असे समजावून फारसा उपयोग होत नाही, तिला जवळ घेणे आणि तो आवाज बंद करणे हाच तिच्यासाठी उपाय. मुलाच्या बाबतीत मात्र ‘खोटे आहे’ असे म्हणून चालणारच नाही, कारण ते खरे असल्याचे टीव्हीनेच त्याला सांगितले आहे. त्याच्याशी बोलावे लागेल.

ते कसे बोलावे, हे थोडे सविस्तर सांगते. प्रश्न हसण्यावारी नेऊ नका आणि ‘असे बोलू नये’ म्हणून त्याला गप्पही करू नका, कारण मग तो प्रश्न त्याच्याजवळच राहील. आधी त्या दिवशीच्या बोलाचालीविषयी बोला. “त्या दिवशी मी आणि बाबा मोठ्याने बोललो, तुला भीती वाटली ना? आम्ही पैशांवरून वाद घातला, नंतर दोघांनी बसून हिशेब केला, आता ते मिटले आहे.” मुलांना बहुतेक वेळा वादाची सुरुवात ऐकू येते, पण त्याचा शेवट दाराआड होतो, आणि शेवट न कळलेल्या वादाला ती टीव्हीवर पाहिलेला शेवट जोडून टाकतात. त्यानंतर त्याला हे समजावा, की भांडणारी घरे लाखो असतात, त्यांतली जवळजवळ सगळी नंतर एकत्र जेवायला बसतात आणि त्यांच्यावर कोणी कार्यक्रम काढत नाही, म्हणून ती टीव्हीवर दिसत नाहीत. हे उत्तर त्याच्या वडिलांच्या तोंडूनही त्याला मिळाले पाहिजे. प्रश्न त्यांच्याविषयीचा आहे, त्यामुळे एखाद्या सुटीच्या दिवशी त्यांनी स्वतः त्याला जवळ घेऊन हे बोलणे तुमच्या दहा समजावण्यांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट विचारली पाहिजे, आणि त्याचे उत्तर तुम्ही मला द्यावे असे नाही, फक्त स्वतःला प्रामाणिकपणे द्यावे. घरात बोलाचालीपलीकडे कधी हात उगारला गेला आहे का? पत्रावरून तसे दिसत नाही. परंतु तसे असेल, तर मुलाची भीती टीव्हीमुळे आहे असे मानून चालणार नाही, कारण डोळ्यांसमोर घडलेल्या मारहाणीपुढे पडद्यावरील मारहाण मुलाच्या मनात अगदी दुय्यम ठरते. अशा वेळी १८१ या महिला मदतवाहिनीवर बोलता येते आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही तुमच्या पाठीशी आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. मुलगा पुढे हिंसक होईल का? केवळ टीव्हीमुळे तसे होईल असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका, आणि टीव्हीने काहीच होत नाही असे सांगणाऱ्यावरही ठेवू नका. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बंदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये तीन ते पावणेसहा वर्षांच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यातील काही मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला लाकडी हातोड्याने मारले, लाथा घातल्या, त्यावर बसून बुक्के मारले. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडले, तेव्हा त्यांतील अनेकांनी तेच प्रकार, तेच शब्द उच्चारत, जसेच्या तसे केले. १९६३ मध्ये तेच दृश्य चित्रफितीवर दाखवले, तरीही मुलांनी नक्कल केली. त्याच मालिकेतील १९६५ चा प्रयोग सासूबाईंच्या युक्तिवादाशी थेट संबंधित आहे, म्हणून तो सांगते. या वेळी चित्रफितीला वेगवेगळे शेवट जोडले होते. एका गटाने मारणाऱ्याला शाबासकी मिळताना पाहिली, दुसऱ्या गटाने त्याला शिक्षा होताना पाहिली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली, हे खरे. पण त्यानंतर संशोधकांनी मुलांना सांगितले, की जे पाहिले ते करून दाखवलेत तर बक्षीस मिळेल, आणि त्याबरोबर शिक्षा पाहिलेल्या मुलांनीही तितक्याच बारकाईने सारे करून दाखवले. म्हणजे शेवटी गुन्हेगार पकडला गेला तरी त्याने केले ते मुलाच्या लक्षात राहिलेलेच असते. शिक्षेच्या धाकाने ते फक्त बाहेर येत नाही. एका तासाच्या कार्यक्रमात पन्नास मिनिटे गुन्हा कसा केला हे दाखवायचे आणि शेवटच्या पाच मिनिटांत बेड्या घालायच्या, यातून सावधपणाच शिकला जाईल हे म्हणणे मला पटत नाही.

या प्रयोगांवर घेतले गेलेले आक्षेपही वाजवी आहेत. बाहुला मारण्यासाठीच बनवलेला होता, मुले काही मिनिटांनी केलेली नक्कल दाखवत होती, आणि खेळातली लाथ म्हणजे कोणाला इजा करण्याचा हेतू नव्हे. म्हणून दीर्घकाळ केलेल्या अभ्यासांकडे पाहावे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोवेल ह्यूसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ पासून शिकागो परिसरातील सहा ते दहा वर्षांच्या ५५७ मुलांची माहिती घेतली आणि सुमारे पंधरा वर्षांनंतर त्यांपैकी ३२९ जणांना पुन्हा गाठले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, लहानपणी अधिक हिंसक कार्यक्रम पाहिलेली मुले-मुली मोठेपणीही अधिक आक्रमक आढळली, आणि घरची आर्थिक स्थिती, बुद्धिमत्ता, आईवडिलांचे वागणे हे सारे हिशेबात धरल्यावरही तो संबंध टिकला. जी मुले पडद्यावर दिसते ते खरेच असते असे मानत होती आणि हिंसक पात्रांशी स्वतःला जोडून पाहत होती, त्यांच्यात हा संबंध विशेष दिसला. ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी लावलेल्या कार्यक्रमांविषयी मला काळजी वाटते ती याच कारणाने. मात्र हा परिणाम प्रचंड नाही. काही संशोधक त्याला नगण्य म्हणतात, बहुतेक जण लहान पण खरा मानतात, आणि गंभीर हिंसेकडे वळणाऱ्या माणसाच्या आयुष्यात गरिबी, मारहाण, दुर्लक्ष, व्यसन अशी इतर अनेक कारणे एकत्र आलेली असतात.

तुमच्या पतीचा मुद्दा इथे विचारात घेण्यासारखा आहे. ते आणि त्यांच्या पिढीतील बहुतेक मुले मारधाडीचे सिनेमे पाहून सुखरूप मोठी झाली, हे खरेच आहे. दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना या लहानशा बेटावर १९९५ मध्ये प्रथमच टीव्ही आला, तेव्हा संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून त्याआधीचे आणि नंतरचे मुलांचे वागणे पाहिले, आणि मारामाऱ्या वाढल्याचे दिसले नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखत होते आणि मुलांवर कोणा ना कोणा मोठ्या माणसाचे लक्ष असे, हे त्याचे कारण अभ्यासकांनी दिले. याउलट कॅनडातील एका गावात १९७३ मध्ये टीव्ही आला आणि दोन वर्षांनंतर तिथल्या मुलांमध्ये ढकलाढकली, शिवीगाळ वाढलेली आढळली. पतीने सिनेमा पाहिला तो कदाचित महिन्यातून एकदा, वाड्यातल्या किंवा गल्लीतल्या दहा मुलांबरोबर, आणि नंतर तीच मुले मैदानावर एकत्र खेळली. तुमच्या मुलाला ते मैदान बंद आहे. तो तोच मजकूर दररोज पाहतो, तोही खरा म्हणून, बंद दाराआड. तेव्हा त्यांच्या लहानपणाशी तुलना करायची तर त्या लहानपणातली मैदाने आणि माणसेही तुलनेत धरावी लागतील.

बहिणीला मारण्याबद्दल एवढेच सांगते, की प्रत्येक वेळी थांबवा, दोघांना वेगळे करा, पण त्याला धपाटा घालून थांबवू नका, कारण त्यातून ‘मोठ्याने लहानाला मारायचे असते’ हेच त्याला पुन्हा शिकायला मिळते. त्याच्या ‘संपवण्याच्या’ खेळांना मात्र फार घाबरू नका. मुले भीती खेळून काढतात. तो खेळ संपल्यावर मोकळा होत असेल तर काळजीचे कारण नाही. तोच तो खेळ गुंतून पुन्हा पुन्हा खेळत असेल आणि नंतर आणखी अस्वस्थ दिसत असेल, तर लक्ष द्या.

सासूबाईंविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण टीव्हीच्या परिणामांची चर्चा करताना आपण वृद्ध प्रेक्षकांचा विचार जवळजवळ करतच नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे टीव्हीवरील हिंसेची मोजदाद केली आणि त्याबरोबर प्रेक्षकांना जग कसे वाटते हेही विचारले. फार टीव्ही पाहणाऱ्यांना आपल्यावर हल्ला होण्याची शक्यता प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटत होती, इतर माणसांवरचा त्यांचा विश्वास कमी होता, आणि घराबाहेर पडण्याची धास्तीही अधिक होती. गर्बनर यांच्या मते हिंसक टीव्हीचा सर्वांत व्यापक परिणाम म्हणजे प्रेक्षक स्वतः हिंसक होणे हा नसून त्याला जग दुष्ट वाटू लागणे हा आहे. सासूबाईंची तिसरी कडी, कुरिअरवाल्याचा संशय आणि अंगणबंदी यांचा उलगडा यातून होतो. त्यांनी जे पाहिले त्यावरून घेतलेला तो शहाणपणाचाच निर्णय आहे, केवळ त्यांनी पाहिलेले जग खऱ्या जगाच्या प्रमाणात नाही.

प्रमाण काय, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार १९९२ मध्ये भारतात सुमारे ४० हजार खुनांची नोंद झाली होती. २०२२ मध्ये ती २८,५२२ होती, आणि दरम्यानच्या काळात देशाची लोकसंख्या सत्त्याऐंशी कोटींच्या आसपासवरून एकशे चाळीस कोटींच्या घरात गेली. म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात खून तीस वर्षांत निम्म्याहून कमी झाले. यातला प्रत्येक खून एका कुटुंबाचा सर्वनाश आहे, ते विसरता येत नाही. परंतु ‘दिवस वाईट आले’ असे सासूबाईंना वाटते, ते त्यांच्या तरुणपणी एका जिल्ह्यातील खून त्याच जिल्ह्यात कळत असे आणि आज देशभरातला एखादा खून दिवसभर त्यांच्या खोलीत येत राहतो म्हणून. बातम्यांच्या वाहिन्यांवर एकच सीसीटीव्ही चित्रण लाल वर्तुळ काढून तासात कितीदा दाखवतात ते पाहा. २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनवर बाँबहल्ला झाला, तेव्हा त्यानंतरच्या आठवड्यात त्याचे वार्तांकन रोज सहा तास किंवा अधिक पाहणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र मानसिक ताण नोंदला गेला. वारंवार पाहिल्याने माणूस सरावतो असे आपण म्हणतो, आणि दुसऱ्याच्या दुःखाबाबत तो कधीकधी सरावतोही. १९७४ च्या एका अभ्यासात, हिंसक चित्रपट पाहिलेल्या तिसरी-चौथीतील मुलांनी, आपल्या देखरेखीखालील लहान मुले भांडू लागल्यावर मोठ्यांना बोलवायला अधिक वेळ लावला होता. पण स्वतःच्या सुरक्षिततेविषयी मात्र भीती वाढतच जाते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी होऊ शकतात.

म्हणून सासूबाईंशी बोलताना ‘तुमच्यामुळे पोरगा बिघडतोय’ असा सूर चुकूनही येऊ देऊ नका. रोज दोन नातवंडे सांभाळणे हे त्यांच्या वयात सोपे काम नाही, आणि त्यांच्या जिवावर तुम्ही दोघे नोकरी करू शकता, हे बोलण्याच्या सुरुवातीलाच आणि मनापासून म्हणा. मुले झोपल्यावर किंवा शाळेत असताना बोला, पतीला शेजारी बसवून बोला, आणि सुरुवात त्यांच्या मुलाने करू द्या. सुनेने सांगितले की ती तक्रार वाटते, मुलाने सांगितले की काळजी वाटते, हा आपल्या घरांमधला अनुभव आहे. मुलाने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा त्यांना सांगा. नातवाने आपल्या मुलाविषयी असे विचारले हे कळल्यावर त्यांना वेगळे काही पटवून द्यावे लागेल असे मला वाटत नाही. मग त्यांची मदत मागा. त्यांची आवड त्यांनी सोडावी असे म्हणू नका. त्यांचे आवडते कार्यक्रम दुपारी, मुले शाळेत असताना, पुनःप्रसारणात किंवा मोबाइलवर पाहता येतील अशी सोय पतीने त्यांना लावून द्यावी, आणि शाळा सुटल्यापासून मुले झोपेपर्यंत गुन्ह्यांचे कार्यक्रम आणि बातम्या लागणार नाहीत, एवढे एकच ठरवून घ्यावे. बातम्यांसाठी सकाळचे वर्तमानपत्र किंवा आकाशवाणीचे बातमीपत्र त्यांना पुरेल.

याच्या जोडीने अंगण उघडा. सुरुवातीला तुम्ही किंवा पती सुटीच्या दिवशी सासूबाईंना घेऊन खाली जा, शेजारच्या दोन-तीन बायकांशी त्यांची बसाउठ करून द्या, आणि मग रोज संध्याकाळी तासभर त्यांनी कट्ट्यावर बसायचे आणि मुलांनी त्यांच्या नजरेसमोर खेळायचे, अशी घडी बसवा. मुलगा घरात कोंडला गेला म्हणून टीव्ही जास्त, टीव्ही जास्त म्हणून भीती जास्त, आणि भीती म्हणून पुन्हा कोंडणे, हे चक्र तुमच्या घरात फिरत आहे आणि ते याच जागी तोडता येईल. कुरिअरवाल्यालाही दोन वेळा नावाने हाक मारून दार उघडले गेले, की तिसऱ्या कडीची गरज सासूबाईंना आपोआपच कमी वाटू लागेल. कडी काढा असे मात्र तुम्ही म्हणू नका.

कनेक्शन काढून टाकावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नको’ असे आहे. सासूबाईंची ती शिक्षा होईल, आणि मुले शेजारच्या घरी किंवा मोबाइलवर तेच पाहतील. अमेरिकेतील सिअॅटल शहरात दिमित्री क्रिस्ताकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ५६५ कुटुंबांवर एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी पालकांना टीव्हीचे तास कमी करायला सांगितलेच नाही. मारामारीच्या कार्यक्रमांऐवजी मदत, मैत्री, सहकार्य दाखवणारे कार्यक्रम लावा, एवढेच सांगितले आणि त्यासाठी दर महिन्याला कार्यक्रमांची यादी दिली. सहा महिन्यांनंतर त्या मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली, आणि त्याच प्रयोगात झोपेच्या तक्रारीही कमी झाल्याचे आढळले. तुमच्या मुलीचे वय नेमके तेच आहे. म्हणून आधी कार्यक्रम बदला, तासांचा विचार नंतर करा. प्राणी, प्रवास, क्रिकेट, स्वयंपाक, गाण्याच्या स्पर्धा, मुलांच्या गोष्टी यांतले काय लावायचे ते आजी आणि नातवंडांनी मिळून ठरवले, तर फारच उत्तम.

कधी तरी मारामारीचे काही समोर येणारच. कार्टूनमध्येही ती भरपूर असते, आणि तिथे मार खाल्लेला लगेच उठून पळू लागतो म्हणून ती निरुपद्रवी वाटते. अशा वेळी शेजारी नुसते गप्प बसू नका. मोठे माणूस शेजारी बसून काहीच बोलले नाही, तर ‘हे चालते’ असा अर्थ मूल काढते, आणि अमेरिकी संशोधक एमी नेथन्सन यांच्या अभ्यासात गप्प बसून सोबत पाहणाऱ्या पालकांच्या मुलांमध्ये आक्रमकता कमी दिसण्याऐवजी जास्तच दिसली होती. नेथन्सन आणि कँटर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, दुसरी ते सहावीतील मुलांना मारामारीचे कार्टून दाखवताना काहींना आधी सांगितले, की ज्याला मार बसतो आहे त्याला काय वाटत असेल याचा विचार करत पाहा. एवढ्या एका सूचनेने मुलग्यांवरचा त्या कार्टूनचा आक्रमक परिणाम रोखला गेला. हे सासूबाईंनाही सहज जमेल. “बिचाऱ्याला केवढे लागले असेल रे,” असे त्या म्हणाल्या तरी पुरे.

ओटीटीवर मुलांचे वेगळे खाते तयार करून लॉक लावा. २०२१ च्या नियमांनुसार तिथे मजकुराचे सात, तेरा, सोळा वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी असे वर्गीकरण दाखवणे आणि तेरा वर्षांपासून पुढच्या वर्गासाठी लॉकची सोय देणे बंधनकारक आहे. सेट-टॉप बॉक्सवरही वाहिनीला पिन लावता येतो. टीव्ही वाहिन्यांसाठीच्या नियमांत, मुले मोठ्या संख्येने पाहत असतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असे कलम आहे. एखादा भाग तुम्हाला तसा वाटला, तर त्याची तारीख, वेळ, वाहिनी आणि नेमके दृश्य लिहून प्रथम त्या वाहिनीकडे तक्रार करा. तिने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियामक संस्थेकडे जाता येते. फार थोडे प्रेक्षक हे करतात, आणि मला वाटते की अधिक जणांनी करायला हवे.

हे सारे सुरू केल्यावर साधारण महिना-दीड महिना वाट पाहा. रात्रीच्या भीतीसाठी तोपर्यंत बाथरूमचा दिवा लावून ठेवा, सोबत जा, आणि ‘एवढा मोठा झालास’ असे टोमणे कोणी मारणार नाही हे पाहा. त्यानंतरही झोप लागत नसेल, अंथरूण ओले होऊ लागले असेल, शाळेला जायला तो नकार देत असेल, प्राण्यांना किंवा बहिणीला मुद्दाम इजा करत असेल, अथवा तुमच्यापासून क्षणभरही दूर होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तुमच्या जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य विभागात चौकशी करता येईल, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते. सासूबाईंची धास्ती टीव्ही कमी झाल्यावरही तशीच राहिली, झोप उडाली किंवा छातीत धडधड होऊ लागली, तर त्यांनाही त्याच वेळी दाखवून घ्या. वृद्ध माणसांची चिंता वयाच्या नावावर खपवली जाते आणि उपचारांवाचून राहते. डॉक्टरांकडे जाताना मुलाने विचारलेला तो प्रश्न आणि संध्याकाळी घरात काय काय पाहिले जात होते, हे दोन्ही एका कागदावर लिहून न्या, म्हणजे त्यांना मुळापासून सुरुवात करता येईल.